डिफरन्सचे तेल

मोटारीच्या पुढच्या अंगाचे लाड सगळेच करतात. बॉनेट उघडून इंजिनाचे तेल पाहणे, पाणी घालणे, दसऱ्याला झेंडूची माळ चढवणे, सारे पुढे! मागच्या बाजूला, दोन चाकांच्या मधोमध, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लोखंडी कलिंगड लोंबत असते; त्याची मात्र वर्षानुवर्षे कोणी विचारपूस करीत नाही. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमचे मिस्त्री त्याला नुसते ‘डिफरन्स’ म्हणतात, आणि मला त्यांचेच नाव अधिक सार्थ वाटते.

आमची गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, वडिलांनी नंबर लावून मिळवलेली. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून आमच्याही गाडीच्या निवृत्तीचा प्रश्न घरात अधूनमधून निघू लागला. त्यातच गेल्या उन्हाळ्यात मागून ‘घुंईं’ असा सूर येऊ लागला. बंगळूरहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आता पुरे. मिळेल त्या किमतीला देऊन टाका.” आई म्हणाली, “तुझ्या वडिलांनी सहा वर्षे वाट पाहून आणली, ती तू एका दिवसात भंगारवाल्याच्या हवाली करणार?” दोघांच्या मध्ये मी! शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, दोघांचेही ऐकून घ्या. पण आधी मिस्त्रींना दाखवा तरी.”

मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, “काका, विकायचे मग बघू. आधी तेल काढू. तेलच काय ते सांगेल.”

गाडी दोनचार मैल फिरवून आणली, कारण तेल गरम असले म्हणजे पातळ होते आणि तळचा गाळ घेऊन उतरते. मग ती खड्ड्यावर सपाट उभी केली. हाताखालचा पोरगा तळच्या बुचाला पाना लावू लागला, तोच मिस्त्री ओरडले, “थांब! आधी वरचे खोल. खालून सगळे काढून बसलास आणि वरचे बूच जाम निघाले, तर भरणार कुठून?” हे वाक्य मोटारीपुरतेच खरे आहे, असे मला वाटत नाही.

तेल उतरेपर्यंत मिस्त्रींनी डिफरन्सचे मर्म सांगितले. आमच्या गाडीच्या दोन चाकांत साधारण चार फुटांचे अंतर. काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सहा फुटांहून थोडे अधिक धावावे लागते. दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एक फरपटत जाणार, टायर घासणार. मधली चक्रे दोघांना आपापल्या चालीने फिरू देतात, आणि तरी गाडी एकच राहते. ही युक्ती पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी काढली.

खाली काळेशार तेल साचले होते. मिस्त्रींनी ते चिमटीत चोळून उन्हात धरले. आम्ही सगळे श्वास रोखून! राखेसारखी बारीक चमक दिसली. दाताचा तुकडा एकही नाही. “चूर्ण आहे, कपचा नाहीत,” ते म्हणाले. “गाडी जगेल.”

मग नव्वद नंबरचे नवे तेल आले. त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. चक्रांच्या दातांमधला दाब इतका की साधे तेल चिरडून बाजूला होते; गंधकाची संयुगे धातूवर पातळ थर धरतात आणि दातांना वाचवतात. वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचे, जास्तीचे गळू द्यायचे आणि बूच लावायचे. हव्यासाने अधिक भरले, तर ते सील ओलांडून ब्रेकवर उतरते.

आवाज पुष्कळ कमी झाला. गेला मात्र नाही. झिजलेले दात तेलाने भरून येत नाहीत, पुढची झीज तेवढी मंदावते. विकण्याचा निकालही अजून लागलेला नाही. पण आई आणि नातू त्या विषयावर भांडता भांडता आता एकमेकांच्या प्रकृतीची चौकशीही करतात.

प्रत्येक घरात एक चाक आतले असते, एक बाहेरचे, आणि मध्ये आमच्यासारखा एखादा लोखंडी डबा. पण नुसत्या डब्याने भागत नाही. आत तेल लागते. आमच्या घरी ते “अहो, दोघांचेही ऐकून घ्या” म्हणणारीच्या रूपाने आहे. आणि तेलाची पातळी बाहेरून दिसत नाही. बूच उघडून मुद्दाम पाहावी लागते.