आवाजाला दार उघडे

१४ नोव्हेंबर १९६१ रोजी मद्रासच्या भरणी स्टुडिओत एका एकवीस वर्षांच्या मुलाचा आवाज पहिल्यांदा चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झाला. चित्रपट मल्याळी, संगीत एम. बी. श्रीनिवासन यांचे. मुलाच्या वाट्याला आल्या अवघ्या चार ओळी, पण त्या श्री नारायण गुरूंच्या होत्या. जातिभेद आणि धर्मद्वेष जिथे नाही अशा जागेविषयीच्या! तो मुलगा म्हणजे के. जे. येसुदास.

आम्हा मराठी माणसांना येसुदास भेटले ते १९७६ च्या 'चितचोर'मुळे. रवींद्र जैन यांच्या चालींवर त्यांनी गायलेली गाणी आमच्या वस्तीत लग्नाच्या मांडवात वाजत. हिंदी उच्चार थोडे दाक्षिणात्य, पण सूर असा ठाम की ऐकणारा जागीच थांबावा. त्यातल्याच एका गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असे आठ राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावावर आहेत. हा आवाज तयार कुठे झाला, याची चौकशी मात्र आम्ही फार उशिरा केली.

फोर्ट कोचीचे हे ख्रिस्ती कुटुंब. वडील ऑगस्टिन जोसेफ रंगभूमीवरचे गायक-नट आणि मुलाचे पहिले गुरू. घरात पैशाची ओढाताण. मुलगा त्रिपुणितुरा येथील संगीत अकादमीत कर्नाटक संगीत शिकला. पुढे तिरुवनंतपुरमला गेला, पण पैशाअभावी तिथले शिक्षण सोडावे लागले. चित्रपटात नाव झाल्यावरही त्याने शिकणे थांबवले नाही, हे आम्हाला सर्वांत मोठे वाटते. चेंबै वैद्यनाथ भागवतर हे पालघाटकडचे नामांकित ब्राह्मण गायक. त्यांनी या ख्रिस्ती शिष्याला जवळ केले आणि १९७४ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे नाते टिकले. कर्नाटक संगीताच्या त्या जगात ही गोष्ट साधी नव्हती.

आता दुसरी बाजू. चेंबै हे गुरुवायूरच्या कृष्णाचे भक्त. त्यांच्या नावाने तिथे दरवर्षी संगीतोत्सव भरतो. येसुदासांनी गायलेली कृष्णभक्तीची गाणी त्या गावात सतत कानी पडतात. पण अहिंदूंना मंदिरात प्रवेश नाही, म्हणून ती गाणारा माणूस बाहेर! शबरीमलैचे दार सर्व धर्मीयांना उघडे आहे आणि तिथे रात्री मंदिर बंद होताना त्यांचाच आवाज लावतात. (तिथे बाईच्या वयाचा प्रश्न आहे, तो वाद निराळा.) म्हणजे गळा चालतो, माणूस चालेलच असे नाही.

वाचकहो, गुरुवायूर हे नाव आपल्याला नवे नाही. तिथे १९३१ साली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी १९३० मध्ये नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह उभा राहिला होता. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत, गुरुवायूरमुळे देशभर मंदिरप्रवेशाची चर्चा पेटलेली असताना, बाबासाहेबांनी निवेदन काढून सांगितले की आपल्या लोकांच्या उन्नतीचा खात्रीचा मार्ग उच्च शिक्षण, वरच्या नोकऱ्या आणि उपजीविकेची चांगली साधने यांतून जातो. येसुदास मात्र त्या दाराकडे आशेने पाहत राहिले. त्यांच्या श्रद्धेची आम्ही टिंगल करणार नाही. पण एवढ्या मोठ्या कलावंताने प्रवेशाची वाट पाहावी, याची आम्हाला चीड येते.

आपल्याकडे काय वेगळे आहे? प्रल्हाद शिंदे यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी आषाढीला वाजली नाहीत असे गाव शोधावे लागेल. तीच माणसे भीमगीताचा आवाज वाढला की कपाळाला आठ्या घालतात.

हे सगळे लिहायला निमित्त घरातलेच झाले. आमची मुलगी शास्त्रीय गायनाच्या क्लासला जायला लागली तेव्हा घरात दोन तट पडले. तिच्या आत्याचे म्हणणे, "आपल्याला वामनदादा आहेत, हे त्यांचं गाणं कशाला?" शिवाय क्लासची सुरुवात सरस्वतीच्या वंदनेने होते. मुलगी त्या वेळी गप्प उभी राहते. बाईंनी कारण विचारले, तिने सांगितले, बाईंनी मान हलवली आणि तानपुरा लावला.

आम्ही आत्याला एवढेच म्हटले, की वामनदादांची गाणी उद्या हिलाच गायची आहेत, तर दमसास पक्का होऊ द्या. 'सा' कुणाच्या बापाचा नाही. आत्याला ते पूर्ण पटलेले नाही. पण भूप घोकताना मुलीचा कोमल निषाद चुकून लागला, तेव्हा स्वयंपाकघरातून पहिली हाक तिचीच आली, "अगं, हा सूर त्यात नाही ना?"