निबंध : आम्ही पाहिलेले काळेश्वर मंदिर



चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही विष्णुपुरीचं काळेश्वर मंदिर बघायला गेलो होतो. नांदेडजवळ गोदावरीच्या काठावरचं हे जुनं हेमाडपंती मंदिर. महाशिवरात्रीला इथं किती गर्दी असते, तुम्हाला माहीतच आहे. चुन्याशिवाय दगडात दगड बसवायच्या या पद्धतीला हेमाडपंतांचं, म्हणजे 13 व्या शतकातल्या यादवांच्या मंत्र्याचं नाव मिळालं, असं मी सांगितलं. मुलं हात लावून सांधे शोधू लागली. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि 1,465 कि.मी. वाहून समुद्राला मिळते, हेही सांगितलं. इथल्या जलाशयाचं पाणी नांदेडच्या नळांना येतं, हेही.

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला. बहुतेक वह्यांत 'मंदिर सुंदर आहे, नदी पवित्र आहे' एवढंच. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, 'बाईंनी निर्माल्याची पिशवी पाण्यात टाकली. तेच पाणी नळाला येते. माझी आजी लातूरची आहे. तिथे रेल्वेने पाणी आणले होते.'

खरं सांगते, पहिल्या दोन वाक्यांवर मी लाल पेन फिरवला. बाजूला शेरा दिला, 'निबंधात असे लिहू नये.'

रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. देव्हाऱ्यातलं निर्माल्य घरून मीच नेलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. अन् पोरीची आजीही खरंच सांगत होती. एप्रिल 2016 मध्ये मिरजहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली; 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. ही मांजरा पुढं गोदावरीलाच मिळते. नदीला पवित्र का म्हणायचं, हे त्या चार वाक्यांत आलं होतं. मीच ते खोडलं.

सकाळी वर्गात तिला निबंध मोठ्यानं वाचायला लावला. "चूक बाईंची होती, वाक्याची नाही," असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझा शेरा खोडला. आता माझ्या घरचं निर्माल्य शाळेतल्या खतखड्ड्यात जातं. मुलं बरोबर लक्ष ठेवतात!

तुम्हीही वह्या तपासताना ऱ्हस्व-दीर्घ जरूर बघा. पण मुलानं डोळ्यांनी पाहिलेलं खोडू नका, आपल्याबद्दलचं असलं तरी.