मोरीचा तळ आणि पंधरा टक्के

पोस्ट थोडी लांब आहे. विषय मोरीचा आहे, हसू नका.

सांगलीत गावभागात-खणभागात किंवा साताऱ्यात पेठांमधल्या जुन्या वाड्यांत जे भाड्यानं राहतात त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तीन बाय चारचा कोपरा, खाली शहाबादी नाहीतर कडप्पा, एका बाजूला जाळी. आंघोळ तिथंच, धुणं तिथंच, कित्येक घरांत अजून भांडीसुद्धा तिथंच. तीस-चाळीस वर्षं असं पाणी पडलं की फरशी मधोमध झिजते, सांधे उघडे पडतात आणि पाणी जाळीकडं जायचं सोडून फरशीखाली शिरायला लागतं. मोरीत काही दिसत नाही. दिसतं ते पलीकडच्या खोलीत. भिंतीला लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाट भिंतीपासून पुढं ओढून ठेवावं लागतं.

आमच्या सांगलीत त्यात आणखी भर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरची फरशी हलत राहते. आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा आलं. घरात दिवसेंदिवस उभं राहिलेलं पाणी उतरताना फरशीखालचा भरावही थोडा थोडा घेऊन जातं. त्यानंतर आमच्या मोरीत नाणं आपटून बघितलं की अर्ध्या फरश्या डबा वाजवल्यासारख्या बोलायच्या.

आता सरकारी भाग. २०१९ ला शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५,००० रुपये सानुग्रह मिळाले, गावात १०,०००. मिळाले, नाही म्हणत नाही. गाद्या, शेगडी आणि फ्रिजच्या दुरुस्तीत संपले. घराच्या नुकसानीची मदत वेगळी असते आणि तिथं निकष असा, की पक्क्या घराची पडझड निदान १५ टक्के तरी पाहिजे. भिंती उभ्या, छप्पर जागेवर, फक्त मोरी खालून पोकळ झालेली. हे किती टक्के? पंचनाम्याला आलेल्या माणसाचाही दोष नाही, त्याच्या कागदावर मोरीला रकानाच नव्हता. संडासाला स्वच्छ भारतमधून गावाकडं १२,००० मिळाले, पण आंघोळीची जागा कुणाच्या योजनेत फारशी बसत नाही. २०११ च्या जनगणनेत निदान विचारलं तरी होतं, न्हाणीघर आहे, बिनछपराचा आडोसा आहे, का काहीच नाही. तळ धड आहे का, हे मात्र तिथंही कुणी विचारलं नाही.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. जानेवारीत आंघोळ करताना त्यांच्या पायाखालचा फरशीचा तुकडा कलला. नळ धरला म्हणून वाचल्या. या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय होतं ते प्रत्येक गल्लीत एकेका घराला माहीत आहे.

मालकांना सांगितलं. ‘दिवाळीनंतर बघू.’ कुठली दिवाळी ते बोलले नाहीत. पण त्यांची बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. आमची भाडेकरारी सासऱ्यांच्या काळातली, भाडं महिना ९०० रुपये. त्यात ते गवंडी कुठून आणणार? गवंड्यानं फरशी उचकटून, भराव दाबून, नवीन कोबा करून द्यायचे ११,५०० सांगितले होते, म्हणजे मालकांचं वर्षभराचं भाडं जाऊन वर पदरचे घालावे लागतात.

इथं एक गोष्ट बऱ्याच भाडेकरूंना माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. उलट करार नसेल तर जागा राहण्यालायक ठेवणं मालकाची जबाबदारी. लेखी नोटीस द्यायची. १५ दिवसांत त्यानं काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी यावर विसंबू नका, तुमचं सगळं करारात काय लिहिलंय त्यावर.

आमचा हिशेब करा. वर्षाचे १०,८००, त्याचा चौथा भाग २,७००. म्हणजे कायद्यानंच माझं बजेट ठरवून दिलं! २,७०० मध्ये मोरी कायमची होत नाही. तात्पुरती होते.

रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, पंधरा दिवस थांबलो. तेवढे दिवस सासूबाईंची आंघोळ मागच्या पडवीत, चादरीच्या आडोशाला, स्टुलावर बसून. मग हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, ‘वहिनी, वर्षभर चालवायचंय का कायमचं?’

काम मी आणि दिरानं दोन रविवार मिळून केलं. हलणाऱ्या चार फरश्या उचलल्या, खाली खडी आणि बारीक मुरूम ओला करून दाबून भरला, वर एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड. बसवताना उतार जाळीकडं. बाकीचे सांधे जुन्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडले, तारेच्या ब्रशनं घासले. ही खरवड सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. जुन्या बुळबुळीत मळावर नुसतं व्हाइट सिमेंट फिरवलं तर महिन्यात पापडासारखं निघतं. रुंद सांध्यांत ते आकसून तडकतंही, म्हणून ग्राउट वापरलं. जाळीभोवती एम-सील. सगळं घट्ट झाल्यावर सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमरचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. दुसरा हात ओला असतानाच चाळलेली वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. पुढचा आठवडा सगळ्यांची आंघोळ पडवीत. शेवटी जाळीला बोळा लावून इंचभर पाणी चोवीस तास तुंबवून ठेवलं. पाणी होतं तेवढंच राहिलं.

एकूण खर्च १,९४०. आमची मजुरी धरली नाही.

एक सांगायचंच राहिलं, ॲसिड. डाग जावेत म्हणून मोरीत ॲसिड ओतायची आपल्याकडं सवय आहे. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो ना, तो मळ निघत नसतो, दगड आणि सांध्यातलं सिमेंट जात असतं. साताऱ्याला माहेरी आईची मोरी बघितली, तिथं पूर नाही, काळी माती नाही, तरी सांधे बोटभर खोल. कोपऱ्यात ॲसिडच्या तीन बाटल्या. आता तिथं साबणाचं पाणी आणि काथ्या.

मालकांना खर्चाचा लेखी हिशेब आणि पावत्यांच्या झेरॉक्स पाठवल्या, दोन महिन्यांचं भाडं आणि तिसऱ्यातले १४० वळते केले. हे लेखी कळवणं टाळू नका. नुसतं भाडं थांबवलं तर उद्या थकबाकीदार म्हणून तुमच्यावरच दावा येतो. मालकांचा फोन आला, चिडले होते, पण १४० कापलेली तिसऱ्या महिन्याची पावती त्यांनी दिली.

गवंडी म्हणतो हे काम वर्ष, फार तर दीड वर्ष टिकेल. म्हणजे पुढच्या वर्षीचे २,७०० पुन्हा याच मोरीत. मूळ पावत्या आणि नोटिशीची पोचपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलीय. २०१९ ला तिथपर्यंत पाणी आलं नव्हतं.