थांबायचे कुठे?

पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते पाहून आल्यापासून आमच्या नांदेडच्या दोन खोल्यांत छोट्या आगगाडीने ठाण मांडले. पलंगाखाली सरकेल अशा फळीवर मुलाने रूळ बसवले.

आधी एकच ट्रान्सफॉर्मर होता. विजेचा दाब वाढवला की गाडी पळे. पण दुसरे इंजिन ठेवले की दोन्ही एकदम पळत. मग आम्ही रुळांचे भाग वेगळे करून प्रत्येकाला बटण लावले. एक गाडी थांबवून दुसरी नेता येऊ लागली.

यंदा मुलगा म्हणाला, "पप्पा, डिजिटल करू." त्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक मिळतो, पण प्रत्येकात डिकोडर बसवावा लागतो. आम्ही कारकून माणसे, वहीत हिशेब मांडला. त्याच महिन्यात मुलीच्या बारावीच्या क्लासची फी होती. "माझी पुढच्या महिन्यात भरा," ती म्हणाली. तिचा हा समंजसपणाच आम्हाला टोचला.

लातूरची गाडी आठवली. १९११ साली तिथे पोचलेली ७६२ मिलिमीटरची अरुंद लाइन २००८ पर्यंत रुंद झाली. इंजिने, डबे, सगळेच बदलावे लागले. पण कुर्डुवाडीला गाडी बदलण्याचा, माल उतरवून पुन्हा चढवण्याचा त्रास संपला. आमच्या फळीवर असा कोणता त्रास उरला होता? मुलालाच विचारले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दोन गाड्या तर चालतातच."

फी भरली.

वाचकहो, बदलाने अडचण सुटत असेल तर पोटाला चिमटा काढून तो करावा. नुसते नवे म्हणून असेल, तर हात आवरावा.