भेग कुठे गेली?

कॉम्प्युटरच्या चुका दोन जातीच्या असतात. पहिली ओरडून सांगते. लाल अक्षरात एरर येते, आपण शिव्या घालत का होईना पण ती दुरुस्त करतो. दुसरी मात्र गप्प बसते. फाइल तयार होते, प्लेअरमध्ये उघडते, चित्र हलतं, सगळे वा वा करतात... आणि आतलं काहीतरी कायमचं गेलेलं असतं. फोटोंच्या रांगेतून व्हिडिओ बनवताना होणाऱ्या बऱ्याच चुका या दुसऱ्या जातीच्या. आपल्या हॉस्टेलवर टाइमलॅप्सवाले, ॲनिमेशनवाले आणि गॅदरिंगच्या फिल्मवाले पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून हा लेखनप्रपंच.

यंदा सिव्हिलच्या फायनल इयरच्या एका ग्रुपचा प्रोजेक्ट होता आरसीसी बीमचा. बीम ओतायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा, चुना फासून लोडिंग फ्रेमवर चढवायचा आणि हळूहळू भार वाढवत पहिली भेग नेमकी कधी पडते ते बघायचं. चुना अशासाठी की पांढऱ्यावर भेग चटकन दिसते. समोर एक ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा, सेकंदाला २ फोटो, एकूण २० मिनिटं. म्हणजे २४०० पीएनजी फाइली, साधारण ७ जीबी. बीम शेवटी मोडला. तो मोडायचाच होता म्हणा, पण मग त्या २० मिनिटांचा पुरावा उरला फक्त या फोटोंमध्ये. दुसरा बीम करायचा तर पुन्हा २८ दिवस, आणि सबमिशन होतं १० दिवसांवर!

फोटो जोडून व्हिडिओ करायला त्यांनी एफएफएमपेग वापरला. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. एका ओळीची कमांड दिली की काम फत्ते. पण पहिला व्हिडिओ आला तो जवळजवळ काळाकुट्ट. लॅबमध्ये लाइट कमी पडला म्हणून मंडळी हळहळली. वास्तविक लाइटचा काही दोष नव्हता. कॅमेरा होता १२ बिटचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा उजेड तो ० ते ४०९५ या आकड्यांत मोजतो. पीएनजीच्या ब्लॅक अँड व्हाइट चित्रात १२ बिटची सोय नाही. तिथे १, २, ४, ८ किंवा १६ बिट चालतात. म्हणून कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने ते आकडे जसेच्या तसे १६ बिटच्या मोठ्या डब्यात भरले. त्या डब्यात पांढरा रंग म्हणजे ६५५३५. त्यापुढे आपले ४०९५ म्हणजे जेमतेम सव्वासहा टक्के. अंधार पडणार नाही तर काय होणार?

त्यांच्या एका मित्राने यावर झटपट तोड काढली. प्रत्येक आकड्याला १६ ने भागून, उरलेली बाकी सोडून देऊन, ० ते २५५ चे म्हणजे ८ बिटचे फोटो करून दिले. चित्र उजळलं, सगळे खूश. खरी चोरी इथेच झाली होती, पण ते कळायला अजून वेळ होता.

मग त्यांनी फोटोंच्या खाली लोडचा आलेख जोडला, लाल रेघेचा. आता फोटो रंगीत झाले. या वेळी व्हिडिओ व्हीएलसीवर चालला, पण सेमिनार हॉलच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर चालेना. "अगं, तू कॉम्प्युटरची ना? बघ जरा," म्हणत ते माझ्याकडे आले, ते या टप्प्यावर.

हे कोडं समजायला थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली. पण त्या दिवशी घरोघरचे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही काही बंद पडले नाहीत. कारण रंगीत सिग्नलमध्ये उजेड वेगळा आणि रंग वेगळा पाठवत असत. जुना टीव्ही नुसता उजेड उचलायचा, नवा दोन्ही. शिवाय आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून रंगाची माहिती कमी पाठवली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. व्हिडिओने ही युक्ती अजून सोडलेली नाही. उजेड म्हणजे वाय, रंगाचे दोन भाग म्हणजे यू आणि व्ही. वाययूव्ही ४४४ मध्ये प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग असतो. ४२० मध्ये शेजारच्या चार ठिपक्यांत (दोन वर, दोन खाली) मिळून एक रंग. हॉस्टेलच्या रूममध्ये चौघांत एक बादली, तसंच! अशी दोन-दोनची चौकट बसवायची तर रुंदी आणि उंची दोन्ही सम हव्यात.

आपण फॉर्मॅट सांगितला नाही, तर एफएफएमपेग मूळ फोटोला सगळ्यांत जवळचा फॉर्मॅट स्वतःच निवडतो. फोटो रंगीत आरजीबी आणि व्हिडिओ एच.२६४ असेल तर तो निवडतो ४४४. त्याच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणाच, पण साधे प्लेअर आणि मोबाइल ४२० पलीकडे बहुधा जात नाहीत. कमांडमध्ये 'पिक्स एफएमटी' म्हणून वाययूव्ही ४२०पी लिहिलं आणि व्हिडिओ सगळीकडे चालू लागला. फक्त आलेखाची एका ठिपक्याची लाल रेघ फिकी पडली, कारण चार ठिपक्यांत वाटला गेलेला लाल लाल राहत नाही. रेघ तीन ठिपके जाड काढली, मिटलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांनी मिळून व्हिडिओ बघितला. लॅबचे मामाही मागे उभे होते. टेस्टच्या वेळी पहिली भेग त्यांनीच दाखवली होती आणि वहीत आकडा लिहिला गेला होता, ३८ किलोन्यूटन. व्हिडिओत मात्र भेग दिसली ५१ ला. सीनियर म्हणाले, "मामांचा अंदाज चुकला असणार. व्हिडिओ कशाला खोटं बोलेल?" रिपोर्टमध्ये ५१ लिहायचं जवळजवळ ठरलं, आणि हार्ड डिस्क भरली म्हणून मूळ फोटो उडवायचंही. मामा एवढंच म्हणाले, "मी भेग बघितली. खालच्या अंगाला, सावलीत होती. तुमच्या व्हिडिओत कुठे गेली ती?"

पंचवीस वर्षं बीम मोडताना बघणाऱ्या माणसाचा डोळा खोटा आणि दोन दिवसांचा व्हिडिओ खरा, हे काही मला पटेना. मी मूळ १६ बिटचा फोटो पायथॉनमध्ये उघडून मामांनी सांगितलेल्या जागेचे नुसते आकडे छापले. भेगेवर ३०६ च्या आसपास, शेजारच्या चुन्यावर ३१८ च्या आसपास, आणि हा फरक ओळीने खालपासून वर गेलेला. आता या दोघांना १६ ने भागा आणि बाकी सोडा. दोघांचंही उत्तर १९! ३०४ पासून ३१९ पर्यंतचे सगळे आकडे एकाच १९ मध्ये कोंबले गेले होते. भेग कॅमेऱ्याने टिपली होती. भागाकाराने ती बुजवली.

हे मामांना सांगायची माझी पंचाईत झाली. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये, क्वांटायझेशनला मराठीत काय म्हणतात कुणास ठाऊक. हातवारे करत कसंबसं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे पट्टीवरच्या मिलिमीटरच्या खुणा पुसल्या आणि नुसते सेंटिमीटर ठेवले." बिट डेप्थची याहून चांगली व्याख्या मी अजून कुठे वाचलेली नाही.

मग उपाय सोपा होता. सावलीतला तेवढाच भाग मूळ फोटोंतून कापून घेतला आणि २५६ ला काळा, ५११ ला पांढरा मानून पसरवला. मूळची एक पायरी म्हणजे नव्या चित्रातली एक पायरी. भेग ५० वर आणि चुना ६२ वर आला. दोन पथ्यं मात्र पाळली. एक, ही मोजपट्टी २४०० फोटोंना एकच ठेवली. प्रत्येक फोटोला ऑटो कॉन्ट्रास्ट दिला असता तर व्हिडिओ लुकलुकला असता, आणि कुठला बदल बीमचा आणि कुठला सॉफ्टवेअरचा हे कळलं नसतं. दोन, कॉम्प्रेशन कमी केलं. एक्स२६४ चा सीआरएफ न सांगता २३ असतो, तो १४ केला, कारण फिके बारीक तपशील कॉम्प्रेशनच्या तोंडी आधी जातात. १० बिटच्या व्हिडिओत १०२४ पायऱ्या असतात, त्यात भेग टिकली असती, पण १० बिटचा एच.२६४ अनेक मशीनवर चालत नाही.

नव्या व्हिडिओत भेग दिसली ३९ किलोन्यूटनला. मामांचा आकडा आणि व्हिडिओ यांत फरक उरला एकाचा! रिपोर्टमध्ये ३९ गेलं, आणि वहीतले ३८ सुद्धा शेजारी लिहिले.

आता थोडं कामाचं. काम सुरू करण्याआधी एफएफप्रोबने पहिला फोटो तपासा आणि शेवटी तयार व्हिडिओ तपासा. दोन्हींचा पिक्सेल फॉर्मॅट कागदावर लिहा. मध्ये जे कमी झालं ते कुठल्या पायरीवर आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे सांगता आलं पाहिजे. दाखवायचा व्हिडिओ वेगळा आणि जपायचा वेगळा. दाखवायला ८ बिट, ४२० बेस्ट. जपायला मूळ फोटो, किंवा एफएफव्ही१ हा कोडेक. तो १६ बिटचे आकडे जसेच्या तसे ठेवतो, एकही ठिपका न बदलता.

आणि शेवटचं. प्रोजेक्ट संपला, मार्क पडले की डिस्क साफ करायची घाई सगळ्यांनाच होते. जरा थांबा. पुसलेल्या खुणा पुन्हा काढता येत नाहीत. ७ जीबी जागा त्यामानाने स्वस्त आहे.