गुपित राखले, मैत्रीण राखली नाही



स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आम्ही पाच जणींनी एकमेकींना फोन केले. एकाच तुकडीतल्या आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीतल्या आम्ही आज परभणी, जिंतूर, पूर्णा, सेलू अशा विखुरलो आहोत. कोणी शिक्षिका आहे, कोणी परिचारिका, कोणी घर आणि शेत सांभाळते. पहाटेची वंदना, पत्र्याच्या पेट्या, रविवारी भाकरी बांधून भेटीला येणारे पालक यांविषयी अनेक जण लिहितील आणि आम्ही ते आनंदाने वाचू. आम्हाला मात्र आमच्या खोलीतल्या सहाव्या मुलीविषयी लिहायचे आहे. तिचे नाव आम्ही देणार नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि छापण्यापूर्वी हा लेख तिला वाचून दाखवला आहे.

गोष्ट सुमारे दीड दशकापूर्वीची. गणितात ती आम्हा सर्वांत पुढे होती. अकरावीच्या वर्षी सुट्टीत गावी जाता-येताना बसस्थानकावर एका मुलाशी तिची ओळख झाली. तो तिच्यासाठी गाडीत जागा धरी, पाण्याची बाटली आणून देई. आम्हाला त्याचे कौतुक वाटे आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटे. पुढे तो तिने कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये, हे ठरवू लागला. पेटीच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवलेला साधा मोबाइल वाजला आणि तिने तो उचलला नाही, तर पुढच्या भेटीत जाब द्यावा लागे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतली तेव्हा तिच्या दंडावर बोटांचे वळ होते. ओट्यावरून पाय घसरला, असे तिने सांगितले. आम्ही ते मान्य केले, कारण मान्य करणे सोपे होते.

मदत मागणे म्हणजे धावत जाणे, रडणे, अर्ज लिहिणे, असा आमचा समज होता. तिने मदत मागितली ती अशी नव्हती. एका रात्री अभ्यासिकेत वहीतून मान वर न करता ती म्हणाली, “आमच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीला एक पोरगा मारतो म्हणे. तिनं काय करावं?” आम्ही हसून उत्तर दिले, “सोडून द्यावं की त्याला!” काही दिवसांनी तिने विचारले, “पोलिसांत गेलं की घरी कळतंच का?” त्यानंतर एकदा नुसतेच म्हणाली, “यंदा सुट्टीत इथंच राहता येईल का?” आज हे तीन प्रश्न एकापुढे एक ठेवले की त्यांचा अर्थ स्वच्छ दिसतो. तेव्हा आम्हाला ते तीन वेगळे प्रश्न वाटले होते.

शेवटी तिने आमच्यापैकी एकीला सर्व सांगितले. तो मारतो, संबंध तोडला तर दोघांचा फोटो गावभर करीन, अशी धमकी देतो. सांगण्याआधी तिने शपथ घातली आणि हळूहळू आम्ही पाचही जणी त्या शपथेत बांधल्या गेलो. वसतिगृहाच्या ताईंना सांगू या, असे एकदा आमच्यात निघाले. तेव्हा ती म्हणाली, “ताई घरी कळवतील. घरी कळलं की माझी शाळा सुटली.”

उन्हाळ्यात ते घरी कळले, पण आमच्याकडून नव्हे. गावातल्या कोणीतरी बसस्थानकावर पाहिले आणि बोलले. तिचे आईवडील कठोर माणसे नव्हती. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे, पाच-सहा महिने फडावर काढणारे ते कुटुंब होते. लेक सुरक्षित राहावी, शिकावी म्हणून त्यांनी तिला वसतिगृहात ठेवले होते. ते घाबरले. त्याच वैशाखात तिचे लग्न झाले. तिला सोळा वर्षे पूर्ण झाली होती. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अस्तित्वात होता, पण मांडवात कोणालाही त्याची आठवण झाली नाही. मारणाऱ्या मुलाला कोणी एक शब्द विचारला नाही. बारावीच्या वर्गात एक बाक रिकामा राहिला, एवढाच त्या प्रकरणाचा निकाल लागला.

तिची भीती अशी अक्षरशः खरी ठरली. ती एकटीची भीतीही नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आपल्या परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. ज्या जिल्ह्यात मुलीच्या प्रत्येक अडचणीवर लग्न हाच उपाय समजला जातो, तिथे मुलगी आपली अडचण सांगेलच कशी?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहपतीच्या तरुण मुलाला मित्र ओळखायला शिकवले आहे. सुखदुःखात समान राहणारा मित्र आपले गुपित राखतो आणि संकटात सोडून जात नाही, असे तिथे सांगितले आहे. वसतिगृहात हे आम्ही अनेकदा ऐकले होते. त्यातला अर्धा भाग आम्ही पाळला. गुपित राखले, पण संकटात तिला एकटे सोडले. “कोणाला सांगणार नाही” ही शपथ आम्ही घ्यायला नको होती. “तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, पण तुला एकटीला सोडणार नाही आणि सांगायला जाताना तुझ्यासोबत येऊ” असे वचन द्यायला हवे होते.

पुढे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वसईच्या श्रद्धा वालकर हिच्या हत्येची बातमी आली तेव्हा आम्ही पाचही जणी अस्वस्थ झालो. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत तिची हत्या झाली आणि तिच्यासोबत राहणाऱ्या तरुणावर खुनाचा खटला भरण्यात आला. देशभर चर्चा झाली ती बहुतांशी त्या दोघांच्या धर्मांची. आमचे मन मात्र एका कागदावर खिळले. २३ नोव्हेंबर २०२० रोजी श्रद्धाने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. हा तरुण आपल्याला मारहाण करतो, जीवे मारण्याची धमकी देतो, असे तिने त्यात लिहिले होते. कार्यालयातल्या सहकाऱ्याला तिने जखमांविषयी कळवले होते. पुढच्याच महिन्यात आपली तक्रार नाही, असे तिने लिहून दिले. घरच्यांचा या नात्याला विरोध होता आणि त्यांच्याशी तिचे बोलणे जवळपास तुटले होते.

म्हणजे तिने मदत मागितली होती. आमच्या मैत्रिणीसारखी आडून नव्हे, स्वतःच्या सहीने. तरीही ती पुन्हा त्याच घरात परतली. यावरून आम्ही एवढेच शिकलो की तक्रार मागे घेतली म्हणजे धोका टळला, असे कोणी समजू नये. उलट त्या दिवसापासून तिची अधिक विचारपूस व्हायला हवी. आणि परतीचे दार मुलीला बंद दिसले, तर मारणाऱ्याचे दारच तिला आपले वाटू लागते.

आज वाटा अधिक आहेत आणि त्या आपल्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असाव्यात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. पाठलाग, धमकी, मारहाण, खासगी छायाचित्रे पसरवणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. ती नवरा-बायकोच असावीत, अशी अट नाही. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. मुलगी अठरा वर्षांखालील आणि अत्याचार लैंगिक असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. तो ज्याला कळला त्याने कळवणे बंधनकारक आहे, मुलीची ओळख उघड करता येत नाही आणि तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. सखी वन स्टॉप सेंटरच्या योजनेत तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. परंतु घरी कळताच शाळा सुटणार असेल, तर यातला एकही क्रमांक मुलगी फिरवणार नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. थेरी पटाचारेची कथा आपण सारे जाणतो. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ती लेक घरातल्या सेवकाबरोबर निघून गेली. पुढे पती, मुले, आईवडील सर्व गमावून, देहभान हरपून ती रस्त्याने फिरू लागली. लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला अडवू नका, येऊ द्या, असे सांगितले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. “तू घरातून का गेलीस?” हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले होते. प्रवेशाच्या दिवशी आपण अनेक अर्जांवर सह्या करतो. त्याच दिवशी लेकीला समोर बसवून एक शब्द द्यावा : “तू काहीही सांगितलेस तरी तुझी शाळा सुटणार नाही.” मुलांच्या पालकांनी आपल्या मुलालाही सांगावे, की जिच्यावर हात उचलावा लागतो ते प्रेम नव्हे.

हा लेख वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. आता तिची थोरली मुलगी आठवीत आहे. मग ती म्हणाली, “माझं नाव नका टाकू. पण ताई लोकांना एवढं सांगा. एखादी पोरगी ‘माझ्या मैत्रिणीला असं झालंय’ म्हणाली, तर ती मैत्रीण कोण, ते विचारू नका. तिला नुसतं जवळ बसवा.”

यात आम्ही आमची भर घालत नाही.

भवतु सब्ब मंगलं!