हैदराबाद ते धुळे : सात तास की सतरा तास?

नेटवर बघितलं तर हैदराबाद ते जळगाव हवाई अंतर साधारण पाचशे किलोमीटर. विमानाला दीड तास. हे वाचून माझ्यासारखा धुळ्याचा माणूस खूश होतो. पण खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा असतो.

घरातून शमशाबादला तास-सव्वातास. उड्डाणाआधी दीड तास हजेरी. आकाशात दीड तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. पुढे एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत दोन तास. म्हणजे जवळपास सात तास. तरी मी म्हणतो, सोनं आहे!

पण गेल्या वर्षी वडील बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, तो दिवस विमानाचा नव्हता. आठवड्यातून ठरावीक वारच ते उडायचं. मग संध्याकाळची अजिंठा एक्स्प्रेस, सकाळी मनमाड, तिथून मालेगावमार्गे एसटी. घरातून निघून दवाखान्यात पोचेस्तोवर सतरा तास. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. सही शेजारच्या काकांनी केली. वडील शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "तुनं इमान कथं राही गयं रे भाऊ?"

काय सांगणार?

जळगावचं विमानतळ २०१२ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झालं. २०१७ च्या डिसेंबरात १९ आसनी विमान मुंबईला उडालं, ते बंद पडलं. २०१९ ला दुसरी कंपनी आली, तीही थांबली. २०२४ ला पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई सुरू झालं. दर वेळी आपण हार-तुरे घेऊन उभे, आणि बंद पडलं की गप्प.

उडान योजनेत सरकार कंपनीला तीन वर्षं तोटा भरून देतं. पुढे मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. रोज विमान नाही म्हणून लोक भरवसा ठेवत नाहीत, आणि लोक नाहीत म्हणून विमान रोज होत नाही. हा फेरा तोडायचा तर त्या तीन वर्षांतच.

म्हणून मागण्या दोनच. एक, फेऱ्या रोज आणि वेळ पक्की. दोन, विमानाच्या वेळेला धरून जळगाव विमानतळ ते धुळे एसटी. त्या बसला काही कोटींची धावपट्टी लागत नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून हे मागावं. विमानतळ जळगावचं असलं तरी प्रवासी अख्ख्या खान्देशाचे आहेत.

वडील आता काठी घेऊन चालतात. फोनवर अजून विचारतात, "आज इमान शे का?"

अंतर तेवढंच आहे हो. वार बघून आजारी पडायची सोय मात्र कुणाला नाही.

तुमचा अनुभव काय? जरूर लिहा.